बीपी निघालं तरी तांबडा-पांढरा सुटू नये म्हणून: कोल्हापुरी स्वयंपाकघरातलं मीठ उतरवण्याचा क्रम

कोल्हापुरात कुणाला बीपी निघालं की घरात पहिली बंदी येते ती तिखटावर. सोमवारपासून ओट्स, दलिया, उकडलेला दोडका. मटण बंद, चटणीची बरणी वरच्या फळीवर. पंधरा-वीस दिवस माणूस तोंड पाडून जेवतो. मग भाच्याचं जावळ येतं, नाहीतर मित्रांचा बेत ठरतो, आणि "एवढ्यानं काय होतंय" म्हणत एका बैठकीत चार वाट्या रस्सा जातो. त्यानंतर पथ्य संपतं ते संपतंच. वर हीच माणसं त्या वीस दिवसांत रोज दुपारी पापड, लोणचं, खारे शेंगदाणे खात असतात, कारण ते "तिखट नाही".

तिखटानं रक्तदाब चढत नाही. पित्त किंवा मूळव्याध असेल तर तिखटाचा हिशोब वेगळा, तो डॉक्टरांशी करा. रक्तदाब चढतो मिठानं. मिठातलं सोडियम शरीरात पाणी धरून ठेवतं, रक्तवाहिन्यांतलं एकूण रक्त वाढतं आणि दाब वाढतो. आपल्या जेवणात हे मीठ तिखटाच्या पाठीवर बसून येतं, म्हणून आळ तिखटावर जातो. मीठ शोधून खाली उतरवता आलं तर तिखट, रस्सा, खर्डा सगळं ताटात राहू शकतं. मात्र ते क्रमानं करावं लागतं. बहुतेकांचा क्रमच चुकतो.

आधी हे वाचा

मूत्रपिंडाचा आजार, हार्ट फेल्युअर किंवा पायावर सूज असेल, किंवा गरोदरपणात बीपी वाढलं असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि तुमच्या डॉक्टरांनी दिलेलं पथ्यच पाळा. बाकीच्यांसाठी एकच अट आहे: चालू गोळी स्वतःच्या मनानं बंद करायची नाही. मीठ कमी केल्यावर आकडे उतरले तर गोळीचा डोस डॉक्टर कमी करतील. "आता मी कमी मीठ खातो, गोळी कशाला" हे वाक्य ज्या घरात ऐकू येतं, त्या घरात पुढच्या सहा महिन्यांत धावपळ ठरलेली असते.

## टप्पा १: आकडा नीट घ्या

मीठ उतरवल्याचा फायदा झाला की नाही हे जिभेवरून कळत नाही, मशीनवरून कळतं. म्हणून स्वयंपाकघराला हात लावण्याआधी सात दिवस घरी बीपी मोजा.

दंडावर पट्टा बांधायचं डिजिटल मशीन घ्या, मनगटाचं नको. पट्ट्याचं माप बघा. मशीनसोबत येणारा पट्टा साधारण २२ ते ३२ सेंटिमीटर घेराच्या दंडासाठी असतो. कोल्हापुरात तालमीत उमेदीची वर्षं घालवलेले दंड कमी नाहीत. जाड दंडाला लहान पट्टा आवळला की आकडा खोटाच जास्त येतो. शिंप्याची टेप घेऊन दंडाचा मधला घेर मोजा आणि ३२ च्या वर असेल तर मोठा पट्टा वेगळा मागून घ्या.

मोजण्याची पद्धत अशी:

१. मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, मिश्री, विडी, व्यायाम काही नाही.
२. लघवीला जाऊन या. भरलेल्या मूत्राशयानं आकडा चढतो.
३. पाठ टेकून खुर्चीत पाच मिनिटं गप्प बसा. पाय जमिनीला टेकलेले, एकमेकांवर टाकलेले नकोत.
४. उघड्या दंडावर पट्टा बांधा, हात टेबलावर, छातीच्या पातळीला.
५. मोजताना बोलायचं नाही, मालिका बंद.
६. एका मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा. सकाळी गोळी-नाश्त्याआधी, संध्याकाळी जेवणाआधी.

सात दिवसांनी पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. घरी मोजलेली सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त असेल तर बीपी वाढलेलं धरतात. हा कागद जपून ठेवा, पुढे लागणार आहे.

सावधान: आकडा १८०/१२० किंवा वर दिसला तर घाबरून लगेच दहा वेळा मोजू नका. पाच मिनिटं शांत बसून पुन्हा एकदा मोजा. तितकाच आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. सोबत छातीत दुखणं, धाप, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, बोबडं बोलणं, अंधारी यातलं काहीही असेल तर फोनाफोनीत वेळ न घालवता थेट दवाखाना गाठा, कोल्हापूरचं सरकारी सीपीआर रुग्णालय असो की जवळचं दुसरं मोठं रुग्णालय.

## टप्पा २: मीठ येतं कुठून

जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मिठाची आहे. म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, तोही पुरता भरायचा नाही. त्यात भाजीतलं, चटणीतलं, ब्रेडमधलं, बाहेरच्या वड्यातलं सगळं आलं.

घरातला हिशोब काढायची सोपी युक्ती: मिठाची नवी पिशवी फोडली की तिच्यावर पेनानं तारीख लिहा. संपली की पुन्हा तारीख लिहा. चार माणसांच्या घरात एक किलोची पिशवी २५ दिवसांत संपली तर माणशी रोजचे १० ग्रॅम झाले. मर्यादेच्या दुप्पट, आणि हे फक्त पिशवीतलं. लोणचं घातलं, मासे धुतले, तेवढं त्यातून वजा करा.

पिशवीबाहेरचं मीठ शोधायला मात्र जरा डोकं लावावं लागतं. आपल्याकडे त्याचा सगळ्यात मोठा साठा चटणीच्या बरणीत असतो. चटणी म्हणजे वर्षाची कांदा-लसूण घातलेली लाल चटणी, जी आमटीपासून अंड्याच्या पोळीपर्यंत सगळीकडे पडते. ती टिकावी म्हणून डंकावर कांडतानाच तिच्यात खडे मीठ पडतं. तुमच्या घरचं प्रमाण आईला, सासूबाईंना, काकूंना विचारा, ते त्यांना तोंडपाठ असतं. समजा सगळं मिळून अडीच किलो चटणी झाली आणि त्यात पाव किलो मीठ होतं, तर दर १० ग्रॅम चटणीत १ ग्रॅम मीठ. पोह्याचा एक भरलेला चमचा साधारण तेवढाच. आता आमटीत दोन चमचे चटणी टाकून वर "चवीपुरतं" मीठ घालणारा हात आठवा.

दुसरा साठा पाकिटांचा. तयार आलं-लसूण पेस्ट, फरसाण, शेव, पापड, सूपची पाकिटं, सॉस. पाकिटाच्या मागं सोडियम मिलिग्रॅममध्ये लिहिलेलं असतं. ४०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे १ ग्रॅम मीठ, एवढं गणित लक्षात ठेवलं की पुरे. आलं-लसूण पेस्टचं पाकीट उलटं करून बघाच. घरी वाटलेल्या पेस्टमध्ये नसतं ते मीठ त्यात सापडेल.

तपासा: कागदावर घरातल्या मिठाच्या जागा मोठ्यापासून लहानापर्यंत उतरवून काढा. भाजी-आमटीचं मीठ सोडून पहिल्या तीन जागा कोणत्या? पुढच्या दोन महिन्यांत फक्त त्यांच्याकडेच बघायचं. सगळीकडे एकदम हात घातला की काहीच होत नाही.

सैंधव, काळं मीठ, गुलाबी मीठ यांच्या मागं लागू नका. रंग कोणताही असो, आत मुख्यत्वे सोडियम क्लोराइडच असतं, आणि सैंधवात बहुतेकदा आयोडीन घातलेलं नसतं. "लो सोडियम" मिठात पोटॅशियम असतं. काहींना ते उपयोगी पडतं, पण मूत्रपिंड कमकुवत असेल किंवा बीपीच्या काही ठरावीक गोळ्या चालू असतील तर रक्तातलं पोटॅशियम धोकादायक पातळीला जाऊ शकतं. डॉक्टरांना गोळ्यांची पट्टी दाखवून विचारल्याशिवाय ती पिशवी घरात आणू नका.

## टप्पा ३: एकच भांडं, हळूहळू

इथं दोन चुका हमखास होतात. पहिली, आजारी माणसासाठी वेगळं पातेलं. बाबांची बिनमिठाची आमटी बाजूला, बाकीच्यांची झणझणीत. बाबा दोन दिवस गप्प बसतात, तिसऱ्या दिवशी कोपऱ्यावर जाऊन वडापाव खाऊन येतात. घरात एकच आमटी करा, सगळ्यांना कमी मिठाची. पोरांचंही त्यात काही बिघडत नाही, आणि बीपी घराण्यात असेल तर त्यांचंही भलंच होतं.

दुसरी चूक, एका दिवसात निम्मं मीठ काढणं. जिभेला सवय बदलायला काही आठवडे लागतात. पहिले दोन आठवडे नेहमीच्या मिठातून चौथा हिस्सा कमी करा, पुढचे दोन आठवडे आणखी तेवढंच. या वेगानं उतरवलं तर घरात बऱ्याचदा कुणाच्या लक्षातही येत नाही. आणि लक्षात आणून द्यायची गरजही नसते, न सांगता केलेलं पथ्य सगळ्यात जास्त टिकतं.

त्यासाठी हाताचा अंदाज सोडावा लागेल. वर्षानुवर्षं चिमटीनं मीठ टाकणाऱ्या बाईला चमचा वापरायला सांगणं अवघड आहे, याची कल्पना आहे. तरी महिनाभर सकाळी दिवसाचं मीठ एका छोट्या वाटीत काढून ठेवा आणि दिवसभर त्यातूनच वापरा. संध्याकाळी वाटी रिकामी झाली की मीठ संपलं. खडे मीठ वापरत असाल तर चमच्यापेक्षा वजन काटा बरा, कारण एकाच चमच्यात खडे आणि बारीक मीठ वेगवेगळं मावतं.

## टप्पा ४: रविवारचं मटण

हा टप्पा सविस्तर, कारण इथं जिंकलं तर बाकीचा आठवडा सोपा आहे. एक किलो मटण, सहा माणसं, असं धरून चालू.

नेहमीच्या पद्धतीत मीठ किमान पाच वेळा पडतं: मटणाला हळद-पेस्ट चोळताना, अळणी (मटण शिजवलेलं पाणी) शिजताना, तांबड्यात, पांढऱ्यात आणि सुक्क्यात. प्रत्येक वेळी करणाऱ्याला वाटतं की आत्तापर्यंत पडलंच नाही. चटणीतलं धरलं तर सहावं.

पहिलं काम. चूल पेटवण्याआधी दोन सपाट चहाचे चमचे मीठ, साधारण १० ते ११ ग्रॅम, एका वाटीत काढा. मटणाच्या सगळ्या पदार्थांना मिळून एवढंच. निम्मं अळणीला, पाव हिस्सा पांढऱ्याला, पाव सुक्क्याला. तांबड्याला वरून काहीही नाही, त्यात चटणी पडणार आहे. चार चमचे चटणी धरली तरी माणशी या जेवणाचं मीठ अडीच ग्रॅमच्या आसपास राहतं, म्हणजे दिवसाच्या मर्यादेच्या निम्मं. रविवारच्या जेवणाला एवढी सूट द्यायला हरकत नाही.

अळणी आणि चरबी. मटणाला हळद, घरी वाटलेलं आलं-लसूण, थोडा कांदा आणि अळणीच्या वाट्याचं मीठ लावून भरपूर पाण्यात शिजवा. शिजल्यावर फोडी वेगळ्या काढा आणि अळणी पसरट पातेल्यात ओतून ते पातेलं गार पाण्याच्या परातीत ठेवा. कोमट झालं की फ्रीजमध्ये. दोन-तीन तासांत वर चरबीचा पांढरट थर धरतो, कडेला बोटानं दाबला तर मेणासारखा मोडतो. झाऱ्यानं तो अलगद उचलून टाका. खाली स्वच्छ, हळदीच्या रंगाची अळणी उरते आणि चव सगळी तिच्यातच असते. चरबी काढल्यानं मीठ कमी होत नाही. पण बीपीवाल्याच्या रक्तवाहिन्यांवर आधीच ताण असतो, त्यात कोलेस्टेरॉलची भर नको, म्हणून ही मेहनत.

ज्या घरात शनिवार पाळत नाहीत त्यांनी अळणी आदल्या रात्री करून ठेवावी. पाळत असाल तर रविवारी सात वाजता मटण आणा, साडेआठला अळणी उतरवा आणि फ्रीजऐवजी तासभर फ्रीजरमध्ये ठेवा. जेवण दीडऐवजी दोनला होईल, एवढाच फरक.

सावधान: गरम पातेलं झाकण घालून रात्रभर ओट्यावर ठेवू नका, मटणाचं पाणी त्यात खराब होतं. दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेलं पाहिजे आणि वापरताना खळखळून उकळलं पाहिजे.

तांबडा. लोकांना वाटतं की भरपूर तेल नसेल तर कट येत नाही. मिरचीचा लाल रंग तेलात विरघळतो, पण त्यासाठी डाव भरून तेल लागत नाही. वाटण तळू नका, तव्यावर कोरडं भाजा: कांद्याचे काप, सुकं खोबरं, तीळ, खसखस, धणे. पातेल्यात दोन चमचे तेल तापवा, आच बंद करा, मग चटणी आणि एक चमचा ब्याडगीची साधी पूड टाका. तेलात रंग सुटला की लगेच डावभर गरम अळणी ओता, नाहीतर चटणी जळून कडू होते. मग वाटण, मग उरलेली गरम अळणी. गार अळणी ओतली की वर तरंगणारा रंग बसतो आणि मग बघणारा म्हणतो, "तेल कमी पडलं." तेल पुरेसं होतं, अळणी गार होती.

पांढरा. पांढऱ्याचं दुखणं मीठ नव्हे, नारळाचं दूध आणि काजू. नारळाचं दुसरं, पातळ दूध जास्त आणि पहिलं घट्ट दूध कमी घ्या. तीळ-खसखशीचं वाटण वाढवा, काजू मूठभराऐवजी पाच-सहा. घट्ट दूध अगदी शेवटी, मंद आचेवर, सतत ढवळत. जोरात उकळी फुटली की रस्सा फाटतो.

वाढताना. लिंबू आणि कच्चा कांदा भरपूर ठेवा. लिंबाच्या आंबटपणानं कमी मीठही जिभेला पुरतं, तांबड्यात पिळा, सुक्क्यावर पिळा. रस्स्याची वाटी लहान घ्या, तांबड्याची एक, पांढऱ्याची एक. मोठी गडबड भातावर होते. भाकरी संपल्यावर भाताबरोबर तिसरी-चौथी वाटी रिचवली जाते आणि हाताला भान राहत नाही. भात आधी ताटात घ्या, त्यावर रस्सा मोजून घ्या आणि वाटी बाजूला सारा.

## टप्पा ५: ताटाची डावी बाजू

मिठाची चिमूट ताटात वाढायची पद्धत बंद करा. मिठाची वाटी टेबलावर असेल तर ती पण उचला. हात सवयीनं तिकडं जातोच.

जोंधळ्याची भाकरी हे आपलं नशीब आहे. तिच्यात मीठ पडत नाही. चपातीच्या कणकेत पडतं, ब्रेडच्या दोन स्लाइसमध्ये अर्धा ग्रॅमच्या आसपास सहज असतं. रात्रीच्या जेवणात चपातीऐवजी भाकरी केली तर काहीही न सोडता थोडं मीठ वाचतं.

खर्डा खा. हिरव्या मिरच्या आणि लसूण तव्यावर चांगले करपेपर्यंत भाजा, शेंगदाण्यासोबत ठेचा आणि मीठ शेवटी वरून घाला, तेही नेहमीच्या निम्मं. वर आलेलं मीठ जिभेला आधी लागतं, म्हणून कमी पुरतं. खर्ड्यात दही कालवलं तर मीठ आणखी कमी चालतं. ताकात मीठ घालायची सवय जिरं-कोथिंबिरीनं मोडता येते.

लोणचं मात्र कुठल्याही युक्तीनं कमी मिठाचं होत नाही, मिठावरच ते टिकतं. आठवड्यातून एकदा, एक फोड. पापडाचंही तसंच, एका उडीद पापडात अर्धा ग्रॅमपर्यंत मीठ असू शकतं. लोणचं आणि पापड एकाच ताटात नकोत, एवढा नियम केला तरी खूप झालं.

एक तिरकी गोष्ट जाता जाता. बीपीसोबत साखरही निघाली असेल तर "साखर बंद, गूळ चालू" हा कोल्हापुरी तोडगा चालत नाही. आपला गूळ कितीही नामी असला तरी रक्तात गेल्यावर तो साखरेचंच काम करतो.

## टप्पा ६: घराबाहेर

मिसळ. मीठ कटात, फरसाणात आणि ब्रेडमध्ये. मोड आलेल्या मटकीत ते सगळ्यात कमी. कट वेगळ्या वाटीत मागा, फरसाण कमी घालायला सांगा, मटकी जास्त. स्लाइस दोनच. आणि दुसऱ्यांदा कट घेऊ नका, तिथंच सगळी गंमत बिघडते. पंधरा दिवसांतून एकदा अशी मिसळ खाणाऱ्याला मी तरी काही बोलणार नाही.

रस्सा मंडळ. शेतात, नदीकाठी बेत ठरला की स्वयंपाकाचं एखादं काम अंगावर घ्या. चूल पेटवण्यापेक्षा मिठाचा डबा सांभाळणं जास्त फायद्याचं. मीठ विचारून, एकदाच आणि तुमच्याच हातानं पडेल. मंडळातले चाळिशी ओलांडलेले निम्मे गडी गुपचूप गोळ्या खात असतात, तेव्हा तुमच्यावर कुणी रागवायचं नाही.

आषाढ. त्र्यंबोली देवीच्या यात्रेच्या दिवसांत पी-ढबाकाची वाजंत्री वाजायला लागली की एकाच आठवड्यात चार घरची बोलावणी येतात. सगळीकडे जा. जेवायला एकाच घरी बसा, बाकी ठिकाणी वाटीभर दही, काकडी किंवा नुसती भाकरी-कांदा घेऊन निघा. "डॉक्टरांनी मीठ मोजून दिलंय" असं सरळ सांगा. "पथ्य आहे" म्हटलं की आग्रह वाढतो, "मीठ मोजून" म्हटलं की लोक विचारात पडतात. दुसऱ्या दिवशी प्रायश्चित्त म्हणून उपाशी राहू नका. उपवासाला तळलेले वेफर्स, खारे शेंगदाणे आणि मीठ घातलेली साबुदाण्याची खिचडी येतेच, आणि मग यात्रेपेक्षा जास्त मीठ पोटात जातं.

फिरणं. रंकाळ्याला रोज फेरी मारा, आठवड्याचे मिळून निदान १५० मिनिटं भरभर चालणं व्हावं. फेरी संपल्यावर चौपाटीवरची भेळ खायची असेल तर पाकीट घरी ठेवून निघा. जोर-बैठका काढायच्या असतील तर बीपी आटोक्यात येईपर्यंत श्वास कोंडून जोर लावू नका, श्वास कोंडला की दाब एकदम उसळतो. आधी डॉक्टरांना विचारा, मग वस्तादांना.

तपासा: सहा आठवड्यांनी पुन्हा सात दिवस बीपी मोजा, टप्पा १ मधल्याच पद्धतीनं. आधीचा कागद आणि हा कागद दोन्ही घेऊन डॉक्टरांकडे जा. मशीनही सोबत न्या, त्यांच्या मशीनशी आकडा जुळतो का ते एकदा बघून घ्या. मीठ कमी केल्यावर उठताना चक्कर येत असेल तर सहा आठवडे थांबू नका, लगेच दाखवा. काही गोळ्या शरीरातलं मीठ-पाणी लघवीवाटे काढतात, आणि म्हाताऱ्या माणसांत दोन्ही मिळून सोडियम फार उतरू शकतं.

## टप्पा ७: वर्षाची चटणी

हा टप्पा उन्हाळ्यासाठी, पण विचार आत्ताच करून ठेवा. चैत्र-वैशाखात मिरच्या उन्हात पडल्या की ऐनवेळी कुणी ऐकत नाही.

सरळ चटणीतलं मीठ काढून टाकलं आणि नेहमीसारखी बरणी भरून ठेवली तर चूक होईल. कांदा-लसणात ओल असते, मीठ त्या ओलीत बुरशी धरू देत नाही. मीठ गेलं की पावसाळ्यात बरणीच्या तोंडाशी पांढरं यायला लागतं. म्हणून काम दोन भागांत करा.

१. मिरच्या कडकडीत वाळवा. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी किंवा लवंगी तिखटाला, तुमच्या घरच्या प्रमाणात. धणे, तीळ आणि खडा मसाला भाजून घ्या. खोबरं, कांदा, लसूण यात अजिबात घालायचं नाही.
२. डंकावर नुसतं एवढंच कांडून आणा. सांगायचं, "मीठ टाकू नका, नंतर टाकणार." दोनदा सांगा, कारण तिथं सगळ्यांच्याच डब्यात मीठ टाकायची सवय असते. तुमच्या आधी मीठ घातलेली चटणी कांडली असेल तर डंक झाडून घ्यायला लावा.
३. हे कोरडं तिखट गार झाल्यावर लहान लहान, पूर्ण कोरड्या बरण्यांत भरा. ओला चमचा आत जाता कामा नये. जागा असेल तर बरण्या फ्रीजमध्ये, रंगही चांगला राहतो.
४. दर महिन्याला पाव किलो तिखट काढा. कांदा कुरकुरीत होईपर्यंत परता, लसूण आणि सुकं खोबरं भाजा, गार झाल्यावर तिखटात घालून मिक्सरमधून काढा. ही चटणी पंधरा दिवसांपुरती फ्रीजमध्ये, बाकीची फ्रीजरमध्ये.
५. बरणीवर मोठ्या अक्षरात "बिनमिठाची" लिहून चिठ्ठी डकवा. पाहुणी आलेली बहीण किंवा सून जुन्या अंदाजानं आमटी करेल, आणि चटणीत मीठ आहे असं धरून वरचं मीठ बेतानंच टाकेल. पहिल्या आठवड्यात आमटी सपक झाली म्हणून ओरड होते. तेव्हा चटणीला दोष न देता वाटीतलं मोजलेलं मीठ आमटीत घाला, ते त्यासाठीच काढून ठेवलेलं आहे.